मधल्या ओळींची कणसं

आमची सून योगिता मक्याचा दाणा मोठा करायचं काम करते, असं मी भिशीत सांगितलं तेव्हा बायका हसल्या. "मोठा करते म्हणजे? फुंकर घालते का दाण्यात?" शेजारच्या सुमनवहिनींनी विचारलं. त्यांच्या मनातला खरा प्रश्न वेगळा होता, तो मला कळत होता. मुलगा पुण्यात, सून भंडारा जिल्ह्यात तिच्या माहेरच्या गावात, हिवाळ्यापासून तिकडंच. हे कसलं काम?

मला उत्तर देता आलं नाही, कारण मलाही नीट माहीत नव्हतं. साताऱ्याजवळ कोरेगावात आमची पिठाची गिरणी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी धान्य हातात घेतेय. ज्वारी, गहू, बाजरी, मका, सगळं ओंजळीतून खाली सोडलं की त्याचं दळण कसं पडेल ते सांगता येतं. पण दाण्याचा आकार कुणी ठरवून बदलतं, त्याचं शिक्षण असतं, त्यावर माणसं आयुष्य घालवतात, हे सुनेमुळं कानावर आलं होतं तेवढंच. पाडवा झाला, आणि मी ह्यांना म्हटलं, "गिरणी आठ-दहा दिवस तुम्हीच बघा. मी योगिताकडं जाऊन येते."

"एकटी?" ह्यांनी विचारलं.

"गाडी आपल्या स्टेशनातून थेट जाते. मला फक्त बसायचं आणि उतरायचंय."

परत आल्यावर भिशीतल्या बायकांना तोंडानं सगळं सांगितलंच. पण सांगताना अर्धं सुटतं, म्हणून हे लिहून काढतेय.

वरठी

भंडारा रोड स्टेशन ज्या गावात आहे त्याचं नाव वरठी. उतरले तर सकाळची वेळ असूनही ऊन चांगलं तापलेलं. योगिता फलाटावर उभी होती. काळवंडली होती, वाळली होती, पायात चिखल वाळलेले बूट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. लग्नात पाहिलेली मुलगी ती हीच, हे समजायला मला क्षणभर लागलं. तिनं वाकून नमस्कार केला आणि माझी पिशवी घेतली.

तिच्यामागं तिचे वडील देवरावजी. गावच्या तलावात मासेमारी करणारं हे कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. उंच, सडसडीत, मिशा पांढऱ्या.

"या जी ईनबाई. गाडी टायमावर आली न?" ते म्हणाले. आमच्याकडं विहीणबाई म्हणतात, तिकडं ईनबाई. लग्नात गडबडीत ऐकलं नव्हतं, आता कानाला गोड लागलं.

त्यांचं गाव मोहाडीजवळ. तिकडं जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं नुसती चौकोन-चौकोन, प्रत्येकाला मातीचा बांध. मी म्हटलं, "भाताची खाचरं ना ही?" देवरावजी समजले नाहीत. योगिता हसून म्हणाली, "आई, इकडे भात म्हणजे ताटात असतो तो. शेतात असते ते धान. आणि खाचराला बांधी म्हणतात." काही बांध्या कोरड्या, भेगाळलेल्या, काही ठिकाणी उन्हाळी धानाची हिरवी पट्टी. मोहाच्या झाडांखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. गाडीच्या खिडकीतून तो वास आला, पिकलेल्या फळासारखा पण जरा उग्र. तो पुढं सगळे दिवस माझ्या अंगाला चिकटून होता.

तळ्याकाठचं घर

घर कौलारू, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. अंगणात जाळी वाळत घातलेली आणि शेजारी चटईवर मोहफुलं. योगिताची आई, गीताबाई, दारात तांब्या घेऊन उभ्या. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असतील, पण बोलण्यात मला सांभाळून घेणाऱ्या.

"कायले एवढं सामान आणलं जी?" माझी पिशवी उघडताना त्या म्हणाल्या. मी शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि बाजरीचं पीठ नेलं होतं. माहेरी राहणाऱ्या सुनेला सासरचं काहीतरी हवं, असं वाटलं होतं. योगितानं चटणीचा डबा तिथंच उघडला आणि बोटानं खाल्ली.

दुपारी ताटात भाताचा डोंगर, त्यावर मासोळीचा रस्सा, बाजूला लाखोळीची डाळ. मी मटण खाते, पण नदी-तलावातला मासा माझ्या फारसा ओळखीचा नाही. गीताबाईंनी आग्रहानं वाढलं, "घ्या न जी, तळ्यातली आजचीच आहे." तिसऱ्या घासाला काटा घशात. मी खोकतेय, डोळ्यांतून पाणी, योगिता पाठीवर थापा मारतेय, आणि गीताबाई शांतपणे कोरड्या भाताचा मोठा गोळा करून माझ्या तोंडासमोर धरतायत. "चावू नका. गिळा." गिळला. काटा गेला. देवरावजी मान खाली घालून जेवत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मग मीच हसले आणि सगळेच हसले. एवढ्यानं परकेपणा संपला. निघेपर्यंत मी काटे काढत बोलू लागले होते.

जेवणानंतर मी देवरावजींना विचारलं, लेकीनं मक्यात कसं काय लक्ष घातलं, इथं तर धान आणि मासे.

"मले तरी कुठं समजते?" ते म्हणाले. "लहानपणी माह्यासंग तळ्यावर येत होती. तळ्यात बीज जास्त टाकलं का मासोळी लहान राहते, कमी टाकलं का मोठी होते. तवापासून इचारत राहाची, बाबा, जास्त बी अन् मोठी बी काहून नाई होत? मी म्हटलं, मले नाई माहीत, तूच शिक अन् सांग."

ते हे तक्रारीसारखं सांगत होते, पण तोंडावरून नुसतं कौतुक सांडत होतं.

बांधी

दुसऱ्या दिवशी सकाळी योगितानं मला शेतावर नेलं. धान निघाल्यावर रिकाम्या झालेल्या तीन-चार बांध्या तिच्या कामासाठी भाड्यानं घेतलेल्या. चारी बाजूंनी कुंपण म्हणून जुन्या साड्या बांधलेल्या, रानडुकरांनी येऊ नये म्हणून. लाल, हिरव्या, फुलाफुलांच्या. त्यांत एक माझीच निघाली, सुती, जांभळ्या काठाची. मागं ती "जुनी साडी आहे का" विचारून घेऊन गेली होती ती यासाठी होय!

मका वाळत आला होता. योगितानं एक कणीस सोलून माझ्या हातात दिलं आणि टोकाचे तपकिरी, सुकलेले केस दाखवले.

"आई, यातला एक केस म्हणजे एक दाणा. प्रत्येक केसाचं दुसरं टोक एकेका दाण्याला जोडलेलं असतं. वरच्या तुऱ्यातला पराग त्या केसावर पडला तरच दाणा धरतो. तुम्ही कणसात मधे मधे दात पडल्यासारखी जागा बघता ना, तिथल्या केसाला पराग मिळालेला नसतो."

इतकी वर्षं मका दळला, पण हे मला माहीत नव्हतं.

मग तिनं नखानं एक दाणा उकलला. "हे वरचं साल सगळं आईच्या झाडाचं. आतला कोंब अर्धा आईचा, अर्धा बापाचा. पण हा पिठाचा भाग, तुमच्या गिरणीत ज्याचं पीठ होतं तो, त्यात दोन वाटे आईचे आणि एक बापाचा."

गीताबाई आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोन वाटे मायचे? घरी बाबाले नको सांगू."

मी विचारलं, "मग मोठ्या दाण्याचं झाड आई म्हणून घ्यायचं, झालं काम."

"पहिल्या पिढीत तसंच दिसतं. दाणा आईच्या झाडावर वाढतो, तिचंच खातो. पण तेवढ्यानं फसायचं नाही. त्याच्या पोटात काय आलंय ते पुढच्या पिढ्यांत कळतं. दाण्याचा आकार ठरवणारं एकच जनुक असतं तर मी कधीच घरी आले असते. कितीतरी आहेत, आणि प्रत्येकाचा हात थोडा थोडा. एक दाणा लांब करतं, एक रुंद करतं, एक दाणा भरायचे दिवस वाढवतं. आणि दाणा मोठा झाला की कणसावरचे दाणे कमी होतात. झाडाकडं द्यायला अन्न तेवढंच असतं."

तिची खरी अडचण इथल्या हवेची होती. धान उशिरा निघतं, म्हणून मका उशिरा पेरला जातो. दाण्यात दूध भरायच्या वेळी ऊन तापतं, झाड लवकर वाळतं आणि दाणा अर्धवट राहतो. बाजारातले मोठ्या दाण्याचे वाण इथं येऊन सुरकुततात. आंबागडच्या पायथ्याला लोक परसात एक जुना मका लावतात. त्याचा दाणा बारीक, पण कितीही तापलं तरी शेवटपर्यंत भरलेला. योगितानं विद्यार्थिनी असताना तो आणला होता, मोठ्या दाण्याच्या मक्याशी त्याचा संकर केला होता, आणि त्या कुळातून पिढ्यामागून पिढ्या निवडत आता निवडीतल्या नंबरांनीच ओळखले जाणारे चार वाण तयार केले होते. चारही इथं पेरले होते, बाजारातल्या वाणाच्या शेजारी, प्रत्येक वाण तीन तीन जागी, म्हणजे एखाद्या जागेची माती चांगली असली तरी फसगत होऊ नये.

"चारांत चांगला कुठला?" मी विचारलं.

"नऊ नंबर," ती पटकन म्हणाली. "वाटतं असं. ज्यांच्या हाताखाली मी काम करते ते सर परवा येतील. यंदा काही दाखवता आलं नाही, तर हे काम बंद करायचं असं त्यांनी सांगितलंय."

एवढी वर्षं ती आमच्या घरात दिवाळीला आली, लाडू वळले, हसली, आणि हे ओझं एका शब्दानं बोलली नव्हती.

डुकरं

तिसऱ्या दिवशी उजाडताच शेतावरून निरोप आला. डुकरं शिरली होती. आम्ही तिघी धावतच गेलो. एका बाजूच्या साड्या फाटून जमिनीवर पडलेल्या, आणि तिथलाच बांधीचा कोपरा तुडवलेला. झाडं आडवी, कणसं अर्धी चावलेली, मातीत दाणे विखुरलेले. ती जागा नऊ नंबरची होती. बाकीच्या दोन जागा शाबूत होत्या. पण या तिसऱ्या जागेत फक्त कडेच्या ओळी उभ्या राहिल्या होत्या, मधल्या सगळ्या गेल्या होत्या.

योगिता बांधावर बसली. रडली नाही. मातीतला एक दाणा उचलून फुंकला आणि खिशात टाकला. मग उठून कामाला आलेल्या बायकांना सांगितलं, "प्रत्येक जागेच्या फक्त मधल्या दोन ओळी तोडायच्या. जागेगणिक वेगळी गोणी. कडेच्या ओळींना हात लावायचा नाही." आणि ती वजनकाटा आणायला मोहाडीला गेली.

बायका कणसं तोडू लागल्या. मी आणि गीताबाई गोण्या धरत होतो. तुडवलेल्या जागेची गोणी तळाशीच राहिली. ती तशी पाहवेना. दुसऱ्या दिवशी मोठी माणसं येणार, आणि आमच्या पोरीच्या सगळ्यात चांगल्या वाणाची ही रिकामी गोणी. आणि तिथंच दोन हातांवर कडेच्या ओळीत कणसं अशी टच्च भरलेली की बघत राहावं.

गीताबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं.

"त्याच नंबराची आहेत न ही?" त्या म्हणाल्या.

"त्याचीच," मी म्हटलं. "बांधी तीच, बी तेच."

दोघी मिळून आम्ही गोणी भरली. चांगली चांगली निवडून. गिरणीवर दळणाचा नमुना दाखवताना हात कुठलं धान्य वर ठेवतो, तो सराव होताच. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. मी इथं येऊन पहिल्यांदाच काहीतरी उपयोगी पडत होते.

योगिता दुपारी परत आली. एकेक गोणी उघडून बघत ती त्या गोणीपाशी आली, हात घातला आणि थांबली. एक कणीस काढलं, दुसरं काढलं.

"ही कुठची?"

गीताबाई पदराशी चाळा करू लागल्या. मग मीच म्हटलं, "कडेची गं. मधली नव्हतीच ना. म्हटलं, तेच वाण आहे."

तिनं गोणी उचलली आणि सगळी कणसं जमिनीवर ओतली. आवाज झाला. काम करणाऱ्या बायका वळून बघू लागल्या. माझ्या तोंडावर रक्त चढलं. सून सासूसमोर अशी वागते, चारचौघांत!

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला होता, "कडेच्या झाडाला एका बाजूनं मोकळी जागा असते. ऊन जास्त, पाणी जास्त, खायला जास्त. त्याचा दाणा मोठा होणारच. तो बियाण्यामुळं झालेला नाही. हे बी पुढच्या वर्षी पेरलं तर हा मोठेपणा त्यात येणार नाही. शेतकऱ्याचं शेत सगळं मधल्या ओळींचंच असतं. त्याला मी काय सांगू, सगळं शेत कडेला पेरा म्हणून?"

"पण परवा..., म्हणजे उद्या सर..." मी म्हटलं.

"उद्या सरांना सांगीन, तिसरी जागा गेली."

"काम बंद केलं तर?"

"तर बंद होईल."

ती वळून दुसऱ्या गोण्यांकडं गेली. मी तिथंच उभी. राग आला होता हे खोटं नाही. संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर बसले तरी तो होता. पण बसल्या बसल्या त्याच्या जागी हळूहळू दुसरंच काही येत गेलं. नऊ नंबर पुढं जावा असं सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल तर तिलाच. आयती भरलेली गोणी समोर होती, कुणाला कळलं नसतं, आणि तिनं ती ओतली. ही माझ्या घरातली बाई आहे, असं मनात आलं आणि मी पाळीवर एकटीच सरळ होऊन बसले.

रात्रीच्या जेवणाला ती माझ्या ताटात मासा वाढताना म्हणाली, "आई, मी ओरडायला नको होतं."

"ओरडलीस ते बरं केलंस," मी म्हटलं. "काटे काढून दे आता."

सरांचा दिवस

सर आले ते दोन गाड्यांतून. बरोबर एक बाई शास्त्रज्ञ, गावचे कृषी सहायक, आणि आजूबाजूचे वीस-पंचवीस शेतकरी. सर उंचपुरे, चष्मा, बोलणं तोडक्या वाक्यांचं. आंब्याच्या झाडाखाली ताडपत्री अंथरून त्यावर कणसांचे ढीग मांडले होते. मी आणि गीताबाई चहाच्या पातेल्यापाशी उभ्या राहिलो, म्हणजे चहाच्या निमित्तानं मागं राहून बघता येईल.

बाजारातल्या वाणाचं कणीस लांबलचक. त्याच्या शेजारी योगिताची कणसं चांगलीच बुटकी दिसत होती. एक शेतकरी म्हणाला, "हे लहान आहेत न जी म्याडम." मला तर ढिगाकडं बघून वाटलं, हरलो आपण.

सर नऊ नंबरच्या ढिगापाशी आले. "तिसरी गोणी कुठे?"

"ती धरू नका सर," योगिता म्हणाली. "मधल्या ओळी डुकरांनी खाल्ल्या. दोनच जागांचं घ्या."

"कडेची उभी दिसतात मला तिथे."

"आहेत. कडेची म्हणून सोडलीत. मोजणार नाही."

सर तिच्याकडं बघत राहिले. "दोन जागांवर मी वर काय सांगू? म्हणतील, पुरेसं नाही."

"मग पुरेसं नाही म्हणून सांगा, सर."

गीताबाईंनी माझा हात धरला होता तो दुखायला लागला. सर खाली बसले आणि म्हणाले, "सोला."

शेतकरीच सोलायला बसले. बाजारातल्या वाणाचं कणीस बुडाशी सुंदर, पण टोकाकडं गेलं की दाणे चपटे, सुरकुतलेले, बोटानं दाबले तर आत पोकळ. नऊ नंबरचं कणीस बुडापासून टोकापर्यंत एकसारखं भरलेलं. मघाशी लहान म्हणणाऱ्या शेतकऱ्यानं दोन दाणे दाताखाली फोडले. "ठोस आहे बॉ," तो म्हणाला. "अन् टोकाचा बी तसाच."

मग वजन. शंभर-शंभर दाणे मोजून काट्यावर. दोन्ही जागांचे वेगवेगळे, पुन्हा पुन्हा. योगिता काट्यापाशी गेली नाही. त्या बाई शास्त्रज्ञच आकडे मोठ्यानं वाचत होत्या. मला आकडे लक्षात राहिले नाहीत, पण तिसऱ्यांदा वाचल्यावर सरांनी चष्मा काढून पुसला, हे लक्षात आहे. नऊ नंबरचे दाणे बाजारातल्यापेक्षा जड भरत होते, दोन्ही ठिकाणी, आणि कणसावर दाणे कमी नव्हते.

बाकीचे तीन वाण मात्र पडले. एकाचा दाणा मोठा पण मोजकाच, दोघांचा उन्हात वाळलेला. सरांनी काही म्हणायच्या आत योगितानंच त्यांच्या पाट्या उपटून बाजूला ठेवल्या. त्यातल्या एकावर तिनं किती वर्षं घालवली होती ते मला नंतर कळलं.

"नऊ नंबर पुढच्या वर्षी चार ठिकाणी लावा," सर म्हणाले. "दोन जागांवर मी भांडून बघतो." आणि मग जाता जाता, जरा हळू आवाजात, "तिसरी गोणी भरून ठेवली असतीस तर मी चारही वाण बंद केले असते. कडेचा दाणा मला ओळखता येतो."

गीताबाईंनी आणि मी एकमेकींकडं बघितलंच नाही.

सर चहा घ्यायला आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुम्ही?"

"मी योगिताची सासू. कोरेगावहून आले."

"एवढ्या लांबून? पिकं बघायला?"

"सून बघायला," मी म्हटलं.

आंबागड

निघायच्या आदल्या दिवशी योगिता म्हणाली, आंबागडला जाऊन येऊ, जिथनं मका आणला होता तिथं सांगायला हवं. आम्ही तिघी गेलो. तुमसरच्या पुढं रान दाट होत गेलं आणि मग डोंगरावर किल्ल्याची भिंत दिसली. आमच्या साताऱ्याकडं किल्ले काळ्या दगडाचे, उघड्या माथ्यावर. हा झाडांत बुडालेला. गाव त्याच्या पायथ्याशी.

ज्यांच्याकडून मका नेला होता त्या गिरजा आजींचं घर गावाच्या टोकाला. घरामागं परसबाग, तिला तिकडं बाडी म्हणतात. दर वर्षी तिथं त्या तो बारीक दाण्याचा मका लावत आल्या होत्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी योगिताला पाहिलं.

"अवो बाप्पा, तू ते मक्कावाली पोरगी!"

"हो आजी. तुमचा मक्का घेऊन गेलती मी." योगितानं नऊ नंबरचं कणीस त्यांच्या हातात दिलं. आजींनी आतून आपलं एक कणीस आणलं, दोन्हींचे दाणे काढून तळहातावर शेजारी शेजारी ठेवले, उन्हात नेऊन बघितले.

"हा माह्या मक्क्याचा?"

"त्यात तुमचाबी आहे. उन्हात भरून राहाची ताकद तुमच्या मक्क्याची. मोठेपणा दुसऱ्याचा."

"चांगला झाला," आजी म्हणाल्या. "हा भुट्टा ठेवून जाय. यंदा बाडीत लावून पाहीन."

योगिता अडखळली. "आजी, आता नाई देता येत. अजून पास नाई झाला तो. चार ठिकाणी लावून पाहाचा आहे. मंग मिळंल."

आजींनी मुठीत दाणे धरले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू माह्या घरून घेऊन गेली, तवा मी इचारलं होतं का तुले, पास का नापास?"

योगिताची मान खाली गेली. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा तशी बघितली. सरांसमोर ती मान खाली गेली नव्हती. ती उठली, फोन घेऊन डोंगराच्या चढावर गेली, कारण खाली रेंज नव्हती. एका दगडावर उभी राहून हात हलवत बोलताना ती आम्हाला दिसत होती. बराच वेळ बोलली. आवाज तुटक ऐकू येत होता: "नाही सर, परसात नाही, शेतात... हो, डोंगराजवळच... मका इथलाच आहे ना, सर, मग इथं का नाही?"

खाली आली तेव्हा घामानं निथळत होती. आजींच्या समोर उकिडवी बसली.

"आजी, बी देता येत नाई. पण चार जागांतली एक जागा इथं घेऊ. तुमच्या शेतात. मी स्वतः येऊन लावीन, तुमच्या डोळ्यासमोर. अन् पास झाला का पहिली पिशवी तुमच्या घरी. तुमची मर्जी असंल तर."

आजींनी काठी घेतली आणि घरामागच्या शेताकडं चालू लागल्या. योगिता चपला काढून त्यांच्या मागं. धान निघालेल्या एका बांधीच्या कोपऱ्यात आजींनी काठी टेकवली.

"इथं नको, इथं पाणी साचते. तिकडं लाव. वानरं आली तर मले दारातून दिसते."

"ओळी किती बसतील आजी?"

"तुले किती पाहिजे?"

मग त्या दोघी त्या तापलेल्या बांधीत वाकून माती हातात घेऊन बोलत राहिल्या. अस्सल झाडी बोली, भरभर. माझ्या कानाला निम्मे शब्द लागेनात. मी आणि गीताबाई मोहाच्या सावलीत बसलो होतो. आमच्याकडं कुणी बघतही नव्हतं.

"आपल्याले कोणी इचारूनच नाई राहिलं, ईनबाई," गीताबाई म्हणाल्या.

"नको विचारू दे," मी म्हटलं. "आपण बघू."

आणि पदरानं घाम पुसत आम्ही दोघी बघत राहिलो. योगिता मधल्या ओळी कुठून धरायच्या ते पावलांनी मोजत होती.